नकाशाची उलटी बाजू

आमच्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात दोनच जाती होत्या, उन्हात जाणाऱ्यांची आणि सावलीत बसणाऱ्यांची. मी उन्हातला. माझं काम साखळी धरायचं. मोजणीची लोखंडी साखळी, तिचं एक टोक माझ्या हातात, दुसरं ओव्हरसियरच्या. ते लांबून ओरडायचे, "ताण!" की मी ताणायचो. एकतीस वर्षं मी या गावाला ताणत आलो, तरी ते काही फार वाढलं नाही.

ज्याची गोष्ट सांगायला बसलोय तो सावलीतला. नकाशे काढणारा. पगारपत्रकावर त्याचं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला रेघोबाच म्हणत. रेघ ओढताना तो श्वास घेत नसे. त्यामुळे त्याच्याशी काही बोलायचं असेल तर रेघ संपेपर्यंत उभं राहावं लागे. भिंतीची रेघ असली तर ठीक. रेल्वेची असली तर माणूस खाली जाऊन चहा पिऊन यायचा.

त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?" आता सरळ सांगावं की नाही, नगरपालिकेत आहे, नकाशा विभागात आहे. हा म्हणाला, "रेघा मारतो." वडील म्हणाले, "आमची मुलगीही मारायची, चौथीपर्यंत." चहा झाला, पाहुणे गेले, आणि स्थळही गेलं. नंतर मी त्याला म्हटलं, अरे बाबा, जरा फुगवून सांगायचं. तर म्हणतो, "प्रमाण सोडून कसं सांगू?"

तर असा माणूस. आई होती तोवर दोघं भाड्याच्या खोलीत राहत. आई गेली. बहीण लग्न होऊन दूर देशी, तिची वर्षाला दोन पत्रं यायची, मग एक, मग पत्र येण्याऐवजी भाच्यांचा फोटो. रेघोबानं ते फोटो भिंतीला चौकोनी लावले, पट्टीनं अंतर मोजून. घरी येणारा माणूस म्हणाल तर मी. तोही रविवारचा, कारण रविवारी मला घरात कुणी बोलू देत नाही.

आता त्या मोठ्या नकाशाची गोष्ट. आम्ही दोघं नवे होतो तेव्हा गावाचा पहिला विकास आराखडा झाला. विकास आराखडा म्हणजे काय, तर पुढची वीस-तीस वर्षं कुठं घरं असावीत, कुठं दुकानं, कुठं कारखाने, कुठं बाग, हे आधीच ठरवून नकाशावर रंगवायचं. घरांना पिवळा, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागेला हिरवा. उन्हात साखळ्या ओढल्या आम्ही आणि रंग भरले रेघोबानं. सहा महिने तो त्या एका कापडावर वाकलेला होता. पूर्वी नकाशे मेणकापडासारख्या अर्धपारदर्शक कापडावर काढत. त्यावर शाईच्या रेघा पुढच्या बाजूनं आणि रंग मागच्या बाजूनं, म्हणजे ओल्या रंगानं शाई फुटत नाही. ही त्या धंद्यातली युक्ती. पूर्ण झाल्यावर तो नकाशा काचेत बसवून साहेबाच्या खोलीत टांगला. रेघोबाचं आयुष्यातलं हे एकच लग्नकार्य. पुढे साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, पंखा बदलला, पण नकाशा तिथंच. निवृत्त होताना त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि शेवटी त्या काचेवरची धूळ रुमालानं पुसली.

आई गेल्यावर त्यानं जे घर घेतलं ते एका सरळ गल्लीत होतं. दोन घरं एकमेकांना चिकटून, मधली भिंत एकच, मातीच्या विटांची. ही जागा नकाशात बागेसाठी राखीव होती, म्हणून तिथं नवं बांधायची परवानगी मिळत नसे, आणि म्हणूनच ते घर रेघोबाला परवडलं. मी म्हटलं, "अरे, उद्या पालिकेनं बाग करायला घेतली तर?" तो म्हणाला, "नकाशात बाग आहे म्हणजे बाग होणार. तोवर राहीन." आपल्या नकाशावर एवढा विश्वास की आपलं घर पाडलं जाणार याचंही त्याला समाधान.

बाग काही झाली नाही. पालिकेच्या बागा कागदावरच जास्त फुलतात.

शेजारच्या घरात नर्सबाई राहत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, नवरा लवकर गेलेला, मुलगी दुसऱ्या शहरात. दोघांमध्ये बोलणं किती? तर वीस वर्षांत मी ऐकलं ते "नळाला पाणी आलंय" आणि "हो, भरलं." पण ती मधली भिंत फार बोलकी होती. पातळ आणि जागोजाग भेगाळलेली. पलीकडे चमचा पडला तरी अलीकडे कळे. बाईंचा रेडिओ सकाळी सहाला लागे, भजनं, बातम्या, शेतीचा कार्यक्रम, मग दुपारची गाणी. रेघोबाच्या घरात घड्याळ होतं, पण तो ते रेडिओवरून लावी. आवाज फार मोठा झाला की तो भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करी. पलीकडचा आवाज कमी होई. थोड्या वेळानं पुन्हा वाढे, पुन्हा टकटक. मी एकदा म्हणालो, "तुला गाणी आवडत नाहीत का?" तो म्हणाला, "आवडतात की." मग टकटक कशाला, असं मी विचारणार होतो, पण मलाही कधीकधी अक्कल सुचते.

मग घरदुरुस्तीची योजना आली. सरकारनं जुन्या घरांसाठी पालिकेकडे निधी पाठवला. मातीच्या भिंती काढून पक्क्या बांधायच्या, छपरं बदलायची. अट एकच मोठी, घर नकाशात पिवळ्या रंगात हवं. राखीव जागेतल्या घराला छदामही नाही, कारण बाग दुरुस्त करायला घरांचा पैसा कसा द्यायचा?

नर्सबाईंनी अर्ज केला. त्यांची मागची भिंत पोट काढून उभी होती, मधलीही कलली होती. मुलीनं निक्षून कळवलं होतं, पावसाळ्याआधी घर पक्कं झालं नाही तर मी येऊन तुला घेऊन जाणार, घर विकलं नाही तरी चालेल. बाईंचा अर्ज आठवड्यात परत आला. शेरा होता: "उद्यानाचे आरक्षण. अपात्र." त्या दिवशी पलीकडून पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या दिवशी भांडी कागदात गुंडाळल्याचा.

हे सगळं मला रेघोबानं रविवारी सांगितलं. म्हणजे त्यानं एवढंच सांगितलं, "बाई जाणार बहुतेक." आणि मग बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसला. काही लिहायचं नव्हतं, काढायचं नव्हतं. टोक काढून झालं की मोडायचा आणि पुन्हा काढायचा.

आता अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी त्याची करमणूक करायला घेतली. आम्ही दारात पायरीवर बसलो होतो. समोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, एक जुना खड्डा, पूर्वी विटांसाठी माती काढलेला. आता त्यात मोडके पत्रे आणि झुडपं. मी म्हटलं, "रेघोबा, मी या खड्ड्यात पडलो होतो ते तुला सांगितलंय का?"

"शंभरदा," तो म्हणाला.

"मग एकशेएकावं ऐक. आराखड्याची मोजणी. ओव्हरसियर ओरडले, ताण! मी ताणत ताणत मागे सरकलो, आणि मागे जमीनच नाही. कमरेपर्यंत चिखलात. साखळी सोडली नाही, बरं का. तेवढ्यात त्या वेळचे साहेब छत्री घेऊन आले. सगळ्यांना वाटलं मला काढतील. ते वरून बघत राहिले आणि म्हणाले, इथं घर तर कुणी बांधणार नाही, इथंच बाग करू, पहिलं झाड तर लावून झालंय. सगळे हसले आणि ओव्हरसियरनं वहीत लिहूनच टाकलं, गल्लीत शिरताना उजव्या हाताला बाग."

एरवी या गोष्टीवर तो नाकातून हसायचा. त्या दिवशी हसला नाही. खड्ड्याकडे बघत राहिला. मग उठला, गल्लीच्या तोंडाशी गेला, वळून आत बघत उभा राहिला. एक हात उजवीकडे केला, एक डावीकडे, जसा शाळेत कवायत करणारा पोर. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता.

"खड्डा उजव्या हाताला आहे," तो म्हणाला.

"मग? तिथंच तर पडलो मी."

"मग हिरवं डाव्या हाताला कसं?"

मी म्हटलं, "ते मला काय विचारतोस? मी जमीन मोजली, कागद तू." खरंच, मी तो नकाशा तीस वर्षं बघत होतो तो पाहुण्यांच्या घरातल्या चित्रासारखा. वाचला कधीच नव्हता.

तो पायरीवर बसला आणि हळूहळू बोलायला लागला, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. रंग मागून भरायचे. कापड उलटं केलं की उजवं डावीकडे जातं. नदीपाशी चूक होत नाही, नदीला वळण आहे. स्टेशनापाशी होत नाही. पण ही गल्ली सरळ, मधोमध, दोन्ही बाजूंचे तुकडे सारख्या मापाचे. वहीत लिहिलेलं, उजव्या हाताला. कापड उलटं होतं आणि त्यानं उजव्या हाताला ब्रश ठेवला. एवढंच. हिरवा रंग खड्ड्याऐवजी दोन घरांवर बसला, आणि खड्डा पिवळा झाला.

"म्हणजे माझ्या चुकीनं ही घरं अडकली," तो म्हणाला, "आणि माझ्या चुकीनंच हे घर मला स्वस्तात मिळालं."

सोमवारी तो पालिकेत गेला. मला साक्षीला नेलं. साहेबाच्या खुर्चीवर आता मॅडम होत्या, वयानं त्याच्या भाचीएवढ्या, आणि डोक्यावर तोच नकाशा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबा, हे आरक्षण बदलायचं असेल तर सरकारकडे प्रस्ताव, हरकती, सुनावण्या, दोन-तीन वर्षं जातात. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. पण हे बदलणं नाही. ही नकाशा काढणाऱ्याची चूक आहे. मोजणीवहीत बरोबर आहे आणि नकाशात चुकलं आहे, असं दिसलं तर तुम्ही इथंच दुरुस्त करू शकता. तसा नियम आहे."

"आहे. पण नकाशा काढणाऱ्यानं तसं लिहून द्यावं लागतं."

"देतो."

मॅडमनी चष्मा काढला. "स्पष्ट बोलते, रागावू नका. त्या दोन घरांतलं एक तुमचं आहे. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं आधी हिरवं करून घर स्वस्तात घेतलं, आणि आता पिवळं करून सरकारचा निधी खाल्ला. मी विश्वास ठेवीन, वरचे ठेवणार नाहीत."

रेघोबा नकाशाकडे बघत होता. मला वाटलं, झालं, हा आता उठणार. ज्याची अख्ख्या जन्मात एकच कमाई, तिच्याखाली बसून ती चुकीची म्हणून सही करायची, वर चोर म्हणवून घ्यायचं. मी असतो तर चहा पिऊन घरी गेलो असतो.

तो म्हणाला, "मग माझ्या घराचा अर्ज मी कधीच करणार नाही, हेही त्याच कागदावर लिहितो. फक्त बाईंचा घ्या."

"तुमचंही छप्पर गळतं म्हणे," मॅडम म्हणाल्या.

"गळतं, पण मला जागा माहीत आहेत."

जुन्या दप्तरातून मोजणीवही शोधायला दोन दिवस लागले. सापडली ती उंदरांनी एका कोपऱ्यातून चाखलेली, पण आमचं पान शाबूत. त्यावर अजून चिखलाचा डाग होता. मी सगळ्यांना दाखवला, हा माझा.

नकाशातली दुरुस्ती लाल शाईनं करतात आणि शेजारी सही घेतात. मॅडम म्हणाल्या, आमचा माणूस करील. रेघोबा म्हणाला, "नको, मीच करतो." काच काढली. तो टेबलावर वाकला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि श्वास रोखला. हिरव्या तुकड्यावर एक लाल रेघ तिरकी, अगदी सरळ. समोरच्या खड्ड्यावर दुसरी. बाजूला बारीक अक्षरात, "रंग भरताना चूक," आणि सही. मग श्वास सोडला. त्या वेळी खोलीत कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या घरी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

नर्सबाईंचा अर्ज मंजूर झाला. त्यांना कळलं ते एवढंच की कार्यालयात काही घोळ होता तो निस्तरला. रेघोबानं मला बजावलं होतं, तोंड उघडलंस तर रविवार बंद. ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला आणि मला सांगितला. त्यानं मला आपणहून सांगितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

मग गवंडी आले. मागची भिंत पाडली, छप्पर उतरवलं. मधली भिंतही योजनेच्या नियमाप्रमाणे मातीची ठेवता येत नव्हती. ती काढून त्यांनी पक्क्या विटांची, सिमेंटची, नऊ इंची बांधली, दोन्ही बाजूंनी गिलावा. पंधरा दिवस रेघोबाच्या घरात धूळच धूळ, भाच्यांचे फोटोसुद्धा पांढरे पडले. त्यानं तक्रार केली नाही. गवंड्याला ओळंबा नीट धरायला सांगायचा तेवढं.

पाऊस लागण्याआधी सगळं संपलं. पुढच्या रविवारी मी गेलो. त्यानं खुर्ची नव्या भिंतीला चिकटवून ठेवली होती. घड्याळ पंचवीस मिनिटं मागे होतं. मी तसं सांगितलं, पण त्यानं काटे हलवले नाहीत.

"बाईंनी रेडिओ बंद केला वाटतं," तो म्हणाला. "तब्येत बरी आहे का, बघून ये जरा."

मी शेजारी गेलो. घर लख्ख, नवी खिडकी, आणि रेडिओ असा वाजत होता की मला बाईंच्या कानाशी जाऊन बोलावं लागलं.

"मुद्दाम मोठा लावते," बाई म्हणाल्या आणि आवाज कमी केला. "पूर्वी जरा वाढवला की टकटक व्हायची. आता कितीही वाढवा, काही नाही. रागावलेत का हो ते? कामात त्यांच्याकडं धूळ फार गेली."

"जाऊन विचारा की."

"मी कशी विचारू? वीस वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. आणि विचारायचं काय, टकटक का करत नाही म्हणून?"

मी परत आलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे सांगू नको असं मला कुणी बजावलं नव्हतं.

रेघोबा ऐकत होता. मग उठला आणि भिंतीवर पेरानं दोनदा टकटक केली. दगडावर बोट आपटावं तसा आवाज, तिथल्या तिथं मेलेला. आम्ही दोघंही कान देऊन उभे राहिलो. मग चमचा आणून त्यानं तो भिंतीवर वाजवला. नव्या गिलाव्याचा एक टवका तेवढा उडाला. तो त्यानं उचलून खिशात टाकला.

"अरे, दारानं जा की," मी म्हटलं. "अकरा पावलं आहेत. मी मोजलीत आत्ता."

"जाऊन सांगू काय?"

"काय म्हणजे? रेडिओ मोठा झालाय म्हणून सांग."

त्यानं भिंतीवर तळहात ठेवला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला, एखादी सरळ रेघ तपासावी तसा.

"पण मला ऐकूच येत नाही," तो म्हणाला. "काम चांगलं केलंय रे गवंड्यानं."

मग खुर्चीवर बसला आणि मला म्हणाला, "काय लागलं होतं, तेवढं तरी सांग." मला आठवेना. एवढा बोलणारा माणूस मी, पण ऐकायची सवय नाही. मी ठोकून दिलं, बातम्या. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मनातल्या मनात पंचवीस मिनिटं मिळवली, आणि मान हलवली.

"या वेळी बातम्या नसतात," तो म्हणाला.